लिव्हरपूलच्या फुकट म्युझियमात वऱ्हाडचा कापूस शोधला, त्याबद्दल

पऱ्हाटीवाला_खामगाव

राम राम मंडळी.

थोरली पोरगी लिव्हरपूलला नर्स आहे. यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडं जाऊन आलो, पेरणीच्या आत घरी. गावात जो भेटतो तो विचारतो काय काय पाह्यलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. बीटल्सवाल्यांचं अन् फुटबॉलचं ज्याला पाहिजे त्यानं यूट्यूबवर पाहावं, ते मी लिहीत नाही.

मला सांगायचं आहे ते म्युझियम ऑफ लिव्हरपूलचं. त्या एका शहराच्या इतिहासावर उभं केलेलं भलंमोठं म्युझियम, मर्सी नदीच्या काठावर, २०११ साली उघडलेलं. तिकीट नाही. दानपेटी ठेवली आहे, टाका नाहीतर नका टाकू, कोणी तोंडाकडं पाहत नाही. इंग्लंडातली राष्ट्रीय म्युझियमं २००१ पासून सगळ्यांना अशीच फुकट आहेत. आमच्या हिचा विश्वास बसेना. निघताना पैसे मागतील, पाहा, असं शेवटपर्यंत म्हणत होती.

आत १८३८ सालचं 'लायन' नावाचं वाफेचं इंजिन आहे. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली. गोदीत उतरलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना न्यायचा अन् तयार कापड परत बंदरावर आणायचं, हा तिच्यामागचा मोठा हेतू. दुसरा एक डबा आहे तो गोदीच्या कडेनं खांबांवरून धावणाऱ्या विजेच्या गाडीचा. १८९३ ला सुरू झाली, १९५६ ला बंद पडली. या डब्यात चढून बसता येते. ही बसली ती उठेचना, पाय दुखत होते तिचे.

एका ठिकाणी मजुरांची जुनी घरं उभी केली आहेत. अंगण इवलंसं, चारी बाजूंनी खोल्या, अन् कित्येक घरांना मिळून एक नळ, एक संडास. मी तिथं बराच वेळ थांबलो. इंग्लंड म्हणजे राजवाडे असं आपल्या डोक्यात असते, अन् जगातल्या सगळ्यात श्रीमंत बंदरांपैकी एकात गोदीचा हमाल असा राहत होता. अजून एक लाकडी मॉडेल आहे, कधीच पूर्ण न झालेल्या चर्चचं. आपलं राष्ट्रपती भवन ज्यानं बांधलं त्या लटियन्सचाच नकाशा. १९३३ ला पायाभरणी झाली, मग महायुद्ध आलं, पैसा आटला, अन् तळघर तेवढं झालं. अर्धवट काम तिकडंही राहते, हे पाहून जरा बरं वाटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे शहर मोठं झालं ते बंदरामुळं. १२०७ मध्ये राजानं सनद दिली, १७१५ मध्ये जहाज आत घेऊन माल उतरवायची गोदी बांधली. मग गुलामांचा व्यापार, तो १८०७ मध्ये कायद्यानं बंद झाला, अन् त्यानंतर कापसावर कमाई. कापूस म्हटल्यावर माझे कान टवकारले. पोरीला म्हटलं, एकेक पाटी वाचून दाखव. अमेरिकेचं नाव निघालं. खामगाव, अमरावती, हिंगणघाट, यातलं एकही आमच्या दोघांच्या नजरेला पडलं नाही.

अन् इकडं आपल्या खामगावात १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो कापसाचा बाजार अन् जलंबची रेल्वे उघडायला आला होता. आठ मैलांची ती लाइन कशासाठी टाकली? आमच्या दर्शनासाठी तर नाही. आमच्या पोरी त्याच गाडीनं ये-जा करत शिकल्या, पण ती कापसासाठी टाकली होती हे त्यांना शाळेत कोणी सांगितलं नाही.

तर विचारायचं असं की, आपल्याकडं कापसाच्या गावाची अशी एक फुकट पाहायची खोली का होऊ नये? अन् झाली तर तिच्यात ठेवायचं काय?

वाशिमकर_नाना

फोटो टाका ना भाऊ. त्या डब्यात वहिनी बसल्या तो तर टाकाच.

देवळीचा_बंड्या

काका, फुकट फुकट काय करून राह्यले? त्याईनं आपल्या जिवावर बंगले बांधले, आता दाखवाले तिकीट घेत नाई म्हणून आपण टाळ्या वाजवाच्या? आपलं तिकीट आजा-पणज्यानं दीडशे वर्साआधी कापसात भरून ठेवलं आहे. उलट तुमाले आत चहा द्याले पाह्यजे होता.

पऱ्हाटीवाला_खामगाव

चहा होता बंडू, पण तो फुकट नव्हता. रुपयात हिशेब केला अन् घरी येऊन प्यालो.

कारंजेकर_गुरुजी

धागा चांगला आहे. निवृत्त मास्तर असल्यामुळे जरा लांबण लागेल, गोड मानून घ्या.

बंडूचा राग रास्त आहे, पण हिशेब नीट मांडला पाहिजे. वऱ्हाड निजामानं इंग्रजांकडे सोपवलं १८५३ मध्ये. लिव्हरपूलला तेव्हा बहुतेक कापूस अमेरिकेतून, गुलामांच्या शेतांवरून जात होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि मँचेस्टरकडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्या बंद पडू लागल्या. मजूर उपाशी. मग त्यांना हिंदुस्थान आठवला. मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा सट्टा असा चढला की १८६५ ला युद्ध संपताच सगळा कोसळला. रेल्वे मात्र युद्ध संपल्यावरही पुढं सरकत राहिली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. म्हणजे भाव पडला तेव्हा माल न्यायची सोय पक्की झाली. चढ्या भावावर भरवसा ठेवून ज्यानं कर्ज काढलं होतं त्याचं काय झालं असेल, हे इथं कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं, आपला कापूस तिकडं आवडता नव्हता. आखूड धाग्याचा, वर कचरा मिसळलेला. हिंदुस्थानी कापसाला तिकडं सरसकट 'सुरत' म्हणत. लँकेशायरच्या मजुरांची प्रार्थना म्हणून एक किस्सा सांगतात: देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको देऊ. भेसळीविरुद्ध मुंबई सरकारला १८६३ मध्ये कायदा करावा लागला.

आणि तिसरं, जे मला खरं सांगायचं आहे. १८८६ साली आमच्या कारंज्यात नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, देशातला पहिला. त्यामागं लँकेशायरला स्वच्छ कापूस, वाजवी भावात, खात्रीनं मिळावा ही गरज होती. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजारांचा वेगळा कायदा झाला. आज ज्या बाजार समितीच्या आवारात आपण ट्रॅक्टर घेऊन रात्र काढतो, तिचं कूळ हे. पऱ्हाटीवाले भाऊ, तुमच्या खोलीत पहिली पाटी याची लावा. आणि कारंज्याचं नाव ठळक अक्षरात लिहा, खामगावच्या खाली नको.

हिंगणघाटची_सून

झालं, खामगाव अन् कारंजं. हिंगणघाटचं नाव घ्याले तोंड दुखते का? जुन्या काळात वऱ्हाड-नागपूरकडचा चांगला कापूस म्हणजे हिंगणघाटचा. बनी कापूस म्हणत त्याले. धागा बाकी गावठी कापसाहून लांब.

जिनवाला

वहिनी बरोबर बोलल्या. हिंगणघाटचा माल वेगळ्या नावानं विकला जायचा. आपला बाकीचा वऱ्हाडी माल 'ऊमरा' या नावानं जाई, अमरावतीवरून पडलेलं नाव. लिव्हरपूलच्या दलालाला वऱ्हाड कुठं आहे ते माहीत नसेल, पण ऊमरा म्हणजे कोणता माल अन् त्याला किती पेन्स द्यायचे हे पाठ होतं.

जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या धंद्यातला माणूस आहे म्हणून एक सांगतो. लिव्हरपूल अजून संपलेलं नाही. तिथल्या कापूस दलालांनी १८४१ मध्ये संघटना काढली होती, तिचीच आजची पिढी म्हणजे इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन, कचेरी अजून लिव्हरपूललाच. जगात देशादेशांमध्ये कापसाचे जे सौदे होतात त्यातले बहुतेक त्यांच्या नियमांवर होतात. गाठी खराब निघाल्या, तंटा झाला, तर लवाद त्यांच्या कायद्यानं. शहरात आता कापसाचं बोंड उतरत नाही, पण कागद त्यांचाच चालतो.

अन् आपण अजून भाव खंडीत बोलतो. खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो. पौंडाचं माप गेलं, किलो आलं, खंडी जागची हलली नाही.

शंकेखोर_अकोला

सगळं ठीक आहे. पण फुकट ठेवलं की वाट लागते हा आपला अनुभव. भिंतीवर बदाम काढून नावं लिहितात, कोपऱ्यात खर्रा थुंकतात. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय घ्या, आपला अजब बंगला. १८६३ पासूनचं आहे, तिकीट किरकोळ, आणि तरी खेड्यातला माणूस तिथं फक्त पेंढा भरलेला वाघ पाहून येतो. बालाघाटकडं गुंगेरियाला १८७० मध्ये तांब्याच्या कुऱ्हाडींचा आणि चांदीच्या पत्र्यांचा मोठा ठेवा सापडला होता, त्यातला काही भाग तिथं आहे. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला? दहा रुपये का होईना, तिकीट ठेवा. पैसे दिले की माणूस नीट पाहतो.

देवळीचा_बंड्या

मंग सेवाग्रामले बापू कुटी पाहाले कुठी पैसे लागते? तिथी कोनी थुंकते का? चपला बाहेर काढून लोक आत जाते. वर्ध्याले मगन संग्रहालय हाये, १९३८ चं, खुद्द गांधीजीच्या हातानं उघडलेलं, चरखे, खादी, गावातले धंदे, सारं हाये. दहा रुपयाची गोष्ट नाई दादा. आपल्या जागेचा आपल्याले मान वाटते का नाई, इतकंच हाये.

शंकेखोर_अकोला

बापूंची गोष्ट वेगळी. कापसाच्या काट्यापुढं कोण चपला काढेल?

हिंगणघाटची_सून

काट्यापुढं नाही काढणार, पण मी सांगते ते ठेवाल तर बाया नक्की येतील.

इथं आतापर्यंत व्हाइसरॉय आला, दलाल आला, जिनवाले आले, लटियन्स पण येऊन गेला. कापूस वेचते कोण? सकाळी दव असते तवापासून आम्ही पऱ्हाटीत उभ्या. कमरेले ओटी बांधलेली, बोंडाच्या वाळल्या टोकानं नखाच्या कडा फाटलेल्या, अन् संध्याकाळी काट्यावर किलोच्या हिशेबानं मजुरी. ओला कापूस जड भरते म्हणून मालक भांडणार, वाळला हलका भरते म्हणून आम्ही भांडणार. माझ्या सासूच्या ओटीचं लुगडं अजून घरात आहे, कापसाच्या दिवसांत तेच बांधायची. ते ठेवा त्या खोलीत. लिव्हरपूलवाल्यांनी हमालाची खोली ठेवली ना? मग आपण वेचणारीची ओटी का नाही ठेवायची?

पऱ्हाटीवाला_खामगाव

ताई, आमच्या घरी वाचून दाखवलं. ही म्हणते, पहिली वस्तू हीच.

आर्णीकर

मी वाचत होतो, बोलणार नव्हतो. पण प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यात राहतो मी. कापसाच्या गावाचं म्युझियम करायचं तर एक भिंत आत्महत्यांची करावी लागेल. कराल का? का १८७० चा व्हाइसरॉय लावाल, पांढरं सोनं म्हणून बोर्ड लावाल, एक बैलगाडी रंगवून ठेवाल अन् उद्घाटनाला आमदार बोलवाल? तसं करायचं असेल तर माझा विरोध आहे.

अन् कापसावर पाणी मारून काट्यावर नेणारे आपल्यातलेच. सरकारच सगळा कापूस घ्यायचं त्या एकाधिकार योजनेच्या काळात ग्रेड कशी मिळायची, हेही सगळ्यांना माहीत आहे. ते लावाल का?

जिनवाला

पाण्याचं लिहून तुम्ही अख्ख्या तालुक्याशी वैर घेतलं, आर्णीकर. पण खोटं नाही. अन् काट्यात मारणारे व्यापारीही होते, आमच्याच धंद्यातले. दोन्ही लिहायचं तर लिहा.

पऱ्हाटीवाला_खामगाव

आर्णीकर भाऊ, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती.

लिव्हरपूलला गुलामगिरीवर वेगळं म्युझियम आहे, २००७ मध्ये उघडलेलं, जुन्या गोदीच्या इमारतीत. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, त्यामुळं आतलं सांगू शकत नाही. पण पोरीनं टाउन हॉल बाहेरून दाखवला. त्याच्या भिंतीवर वरच्या पट्टीत हत्ती, मगरी अन् आफ्रिकी माणसांची तोंडं कोरलेली आहेत. ज्या व्यापारावर पैसा आला तो त्यांनी तेव्हा मिरवला होता. अन् त्याच शहराच्या नगर परिषदेनं १९९९ मध्ये गुलामांच्या व्यापारातल्या आपल्या वाट्याबद्दल ठराव करून माफी मागितली. कोरीव काम फोडलं नाही, ते तसंच आहे, वर पाहिलं की दिसते.

तर भिंत करायची. नावं लावायची का नाही, हे ज्या घरचं माणूस गेलं त्या घराला विचारून. आमच्या गावात दोन घरं आहेत. त्यातल्या एकाची सून म्हणाली होती, नाव नका लावू, पण सावकाराची वही लावा. वही तिनं जपून ठेवली आहे.

आर्णीकर

वही असेल तर मी येतो खामगावला.

कारंजेकर_गुरुजी

वहीला वाळवी लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, ओल धरते. पानांचे फोटो आजच काढून दोन ठिकाणी ठेवा. फोटोत बाकी ऋणकोंची नावं दिसत असतील तर ती जाहीर करू नका, त्यांचीही पोरंबाळं गावातच आहेत.

आणि त्या म्युझियमाला एक पत्र लिहायला हरकत नाही. गुलामगिरीबद्दल ते बोलतात कारण ज्यांचे पूर्वज भरडले गेले ते लोक त्याच शहरात राहतात, त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. वऱ्हाडातून त्यांच्या दारात जाऊन कोणी विचारलेलं मला तरी माहीत नाही. बंडू, तुझा तो तिकिटाचा मुद्दा पत्रात घालू, शिव्या वगळून. इंग्रजी मी पाहीन.

देवळीचा_बंड्या

शिव्या म्या दिल्याच कुठी गुरुजी 😀 पण लिहा. खाली माही सही घ्या, पत्ता देवळीचा टाका.

शंकेखोर_अकोला

पत्राला माझा पाठिंबा. तिकिटाचं माझं मत कायम.

खोली कुठली? ते कोणीच बोलत नाही. सांस्कृतिक भवनं गावोगाव आहेत, पण तिथं लग्नाच्या गाद्या भरलेल्या असतात.

जिनवाला

जागेचं माझ्याकडं आहे थोडंफार. आमचा जिन बंद होऊन बरीच वर्षं झाली. आत जुन्या रोलर जिनांची एक ओळ तशीच उभी आहे, ओतीव लोखंडावर ओल्डहॅम, इंग्लंड असं उठावात लिहिलेलं. ओल्डहॅम म्हणजे लँकेशायरच. तिथून यंत्र इकडं आलं अन् इथून रुई तिकडं गेली. भंगारवाला दर दिवाळीला येतो, किलोचा भाव सांगतो. भाऊ म्हणतो देऊन टाक. मी अजून दिलं नाही, पण शेडचे पत्रे उडाले आहेत, दोन पावसाळे गेले तर गंजून जातील. पत्र्यांचा खर्च कोणी उचलला तर एक बाजू मी मोकळी करून देतो. लेखी देईन. लाइटचं बिल मात्र माझ्या नावावर नको.

हात्त्याचा रुमालही आहे आजोबांचा. रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे ते. ते कसं करायचे हे दाखवू शकेल असा एकच म्हातारा आमच्या बाजारात उरला आहे, त्याचा व्हिडिओ आधी करा, पत्रे नंतर.

वाशिमकर_नाना

व्हिडिओ मी करतो. मोबाइल चांगला आहे अन् रिकामाच आहे. या रविवारी चालते का? बाजार बंद असतो, म्हातारबुवा निवांत सापडतील.

जिनवाला

रविवार चालेल. सकाळी लवकर या, दुपारी ते झोपतात. ऐकायला कमी येते, मोठ्यानं बोला. अन् येताना जर्दा आणू नका त्यांच्यासाठी, डॉक्टरनं बंद केला आहे, मागतील तरी देऊ नका.

शकुंतला_मूर्तिजापूर

उशिरा पोचले. आमच्या शकुंतला रेल्वेला सगळे विसरले का? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, नॅरो गेज, कापसासाठीच टाकलेली, अन् खासगी ब्रिटिश कंपनीची. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं तिच्यावर, मग डिझेल आलं, आता गाडीच नाही. त्यांचं 'लायन' म्युझियमात फुकट पाहायला मिळते, अन् आमच्या रुळांवर बाभळी उगवल्या. लाइनीवरच्या स्टेशनातली जुनी तिकिटं माझ्या वडिलांकडं आहेत, पुठ्ठ्याची. खोली झाली तर काही देऊ, सगळी नाही.

पऱ्हाटीवाला_खामगाव

ताई, दोन दिली तरी पुरे. एक जायचं, एक यायचं.

जिनवाले भाऊ, पत्र्यांचं मी गावात बोलतो. कापूस विकला की वर्गणी निघते, त्याआधी कोणी खिशात हात घालत नाही, म्हणजे दिवाळीनंतरच. तोवर ताडपत्री टाकून ठेवू, माझ्याकडं एक पडली आहे, रविवारी नानांच्या गाडीत देतो.

नवा_सभासद_पुसद

धागा वाचला, छान. भाचा सप्टेंबरात लिव्हरपूलला शिकायला चालला आहे. शाकाहारी जेवण मिळते का तिथं? अन् ज्वारीचं पीठ न्यावं का इथून?

पऱ्हाटीवाला_खामगाव

मिळते. हिंदुस्थानी दुकानं आहेत, डाळ-तांदूळ, कणिक सगळं. ज्वारीचं पीठ महाग पडते, अन् पोरीच्या दुकानात नेहमी नसते. थोडं द्या सोबत, पण नीट पॅक करून वर इंग्रजीत लिहा काय आहे ते. दूध-तुपाचं काही देऊ नका, विमानतळावर काढून घेतात. अन् त्याला म्हणा म्युझियमात जाशील तेव्हा कापसाच्या पाट्यांचे फोटो नीट काढून पाठव, माझे हलले आहेत, गुरुजींना पत्रासाठी लागतील.